समध्वनी इंग्रजी शब्द आणि खानदेशी कान : जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

उच्चार एक, परंतु स्पेलिंग व अर्थ भिन्न असे शब्द इंग्रजी भाषेत मोठ्या संख्येने आढळतात. व्याकरणाच्या पुस्तकांत त्यांना समध्वनी शब्द अथवा समोच्चारित भिन्नार्थी शब्द असे म्हटले जाते. 'सी' म्हणजे समुद्र आणि 'सी' म्हणजे पाहणे. 'नाइट' म्हणजे रात्र आणि 'नाइट' म्हणजे चिलखत घातलेला सरदार. 'मेल' म्हणजे टपाल आणि 'मेल' म्हणजे नर. माध्यमिक शाळेपासून पदवीच्या अनिवार्य इंग्रजीपर्यंत अशा जोड्यांची यादी विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतली जाते. तरीही उत्तरपत्रिकेत 'वेट' या एका उच्चाराखाली वजन, वाट पाहणे आणि ओले असणे या तिन्ही अर्थांच्या स्पेलिंगांची अदलाबदल झालेली दिसते. पहिले दोन शब्द यादीत असतात. तिसरा यादीत नसतो. विद्यार्थ्याच्या कानाला मात्र तिन्ही सारखेच असतात.

प्रस्तुत शोधनिबंधाचा विषय हा यादीबाहेरचा तिसरा शब्द आहे. पाठ्यपुस्तकातील समध्वनी शब्दांची यादी ही इंग्लंडच्या दक्षिण भागातील सुशिक्षितांच्या उच्चारावर बेतलेली आहे. खानदेशात इंग्रजी जेथून आली, ज्या वाटेने आली आणि ज्या कानांनी ती ऐकली त्यानुसार येथील समध्वनींची यादी वेगळी तयार झाली. ही दुसरी यादी कोणत्याही पुस्तकात छापलेली नाही, म्हणून ती चूक ठरते. वास्तविक ती दोनशे वर्षांच्या इतिहासाची नोंद आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, शब्दांची व्युत्पत्ती व त्या शब्दांमागील वस्तूंचा इतिहास यांचा एकत्र विचार केला आहे.

इंग्रजीतील समध्वनी कसे निर्माण झाले?

इंग्रजीतील बहुतेक समध्वनी शब्द मूळचे समध्वनी नव्हते. चौदाव्या शतकात 'नाइट' (सरदार) या शब्दाच्या आरंभीचा 'क' स्पष्ट उच्चारला जाई आणि मधला, आज मुका झालेला 'जी-एच' घशातून काढला जाई. समुद्रवाचक 'सी' आणि पाहणे या अर्थाचा 'सी' यांचे स्वरही वेगळे होते. साधारणतः इ. स. १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर आपली जागा सोडून सरकले. काही एकमेकांवर येऊन आदळले. दरम्यान विल्यम कॅक्स्टन याने इ. स. १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना सुरू केला होता. उच्चार बदलत राहिले आणि छापील अक्षरे हळूहळू गोठत गेली. सॅम्युएल जॉन्सनचा कोश १७५५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा शब्दांची रूपे बहुतांशी ठरून गेलेली होती. तात्पर्य, आज जी स्पेलिंगे निरर्थक वाटतात ती जुन्या उच्चारांची थडगी आहेत.

या प्रश्नाची चिंता खुद्द इंग्रजांनाही वाटली. राजकवी रॉबर्ट ब्रिजेस याने १९१९ मध्ये इंग्रजीतील समध्वनींवर एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली. दक्षिणेकडील उच्चारात 'र' गळून पडल्यामुळे समध्वनींची संख्या वाढत चालली आहे, अशी त्याची तक्रार होती. 'सॉस' म्हणजे चटणी आणि 'सोर्स' म्हणजे उगम हे दोन शब्द लंडनच्या सुशिक्षित तोंडी एकच झाले होते. समध्वनी फार झाले की त्यांतील काही शब्द वापरातून जातात, असेही त्याचे निरीक्षण होते.

गंमत अशी की, ज्या भेदाच्या नाशाबद्दल इंग्लंडचा राजकवी हळहळत होता तो भेद जळगाव-धुळ्याच्या शाळांत शाबूत राहिला. येथे 'र' लिहिला तर तो उच्चारलाच जातो. 'सॉस' आणि 'सोर्स' यांत खानदेशी विद्यार्थ्याची गफलत होत नाही. 'कॉट' म्हणजे पकडलेला आणि 'कोर्ट' म्हणजे न्यायालय हेही त्याला एक वाटत नाहीत. यादीतील या जोड्या तो विनाकारण पाठ करतो.

खानदेशी कान :

याउलट जे भेद इंग्रजास उपजत ऐकू येतात ते मराठी कानाला जाणीवपूर्वक शिकावे लागतात. मराठीच्या बोलण्यात इकार व उकार यांच्या ह्रस्व-दीर्घपणाने अर्थ सहसा बदलत नाही. त्यामुळे 'शिप' (जहाज) आणि 'शीप' (मेंढी), 'फुल' (भरलेला) आणि 'फूल' (मूर्ख) या जोड्या येथे समध्वनी होतात. ओठ दातांना लावून काढावयाचा 'व्ही' आणि ओठांचा चंबू करून काढावयाचा 'डब्ल्यू' हे दोन्ही मराठीत एकाच 'व'त सामावतात. परीक्षा या अर्थाचा 'टेस्ट' आणि चव या अर्थाचा 'टेस्ट', कागद या अर्थाचा 'पेपर' आणि मिरी या अर्थाचा 'पेपर' देवनागरीत एकरूप होतात, कारण मराठीत एकच 'ए' आहे. बँक, बॉल यांसारख्या शब्दांसाठी मराठीने निराळी चिन्हे स्वीकारली आणि महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने 'ॲ' व 'ऑ' यांना वर्णमालेत अधिकृत स्थान मिळाले. 'ए'च्या बाबतीत मात्र अशी सोय नाही.

यात लिपीचाही वाटा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सरकारी व खाजगी व्यवहारात चालत असलेल्या मोडी लिपीत इकार-उकारांचा ह्रस्व-दीर्घ भेद पाळला जात नसे. पाटील-कुळकर्ण्यांच्या दप्तरात, सावकाराच्या चोपडीत आणि अडत्याच्या वहीत इंग्रजी शब्द प्रथम याच लिपीत उतरले. मोडी लिहिणाऱ्या हाताला 'जिन' आणि 'जीन' यांत निवड करण्याचा प्रसंगच येत नव्हता.

खानदेशी बोलींनी यात स्वतःची भर घातली आहे. जॉर्ज ग्रियर्सन याने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात खानदेशीचा विचार मराठीपासून स्वतंत्रपणे, भिल्ली बोलींच्या शेजारी केला, हे सर्वश्रुत आहे. अहिराणी व लेवा बोलींत 'ळ'च्या जागी अनेकदा 'य' येतो. डोळ्याचा 'डोया' होतो आणि जळगावाचे 'जयगाव' होते. 'ण' व 'न' यांतील अंतरही पुसट होते. म्हणजे 'कोण' (प्रश्न) आणि 'कोन' (भूमितीतील) ही समध्वनींची अडचण खानदेशी मुलापुढे इंग्रजीच्या तासाला नव्हे, मराठीच्याच तासाला प्रथम उभी राहते. घरची बोली एक, शाळेची मराठी दुसरी आणि इंग्रजी तिसरी, अशा तीन थरांतून त्याला स्पेलिंगपर्यंत पोहोचावे लागते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली तेव्हा हा तिहेरी प्रवास पाच-सहा वर्षांच्या वयातच सुरू झाला.

कानाने आलेले शब्द, डोळ्याने आलेले शब्द :

इ. स. १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त होऊन खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा येथील पहिला प्रमुख इंग्रज अधिकारी. त्याने धुळे हे मुख्य ठाणे केले. मुंबई विद्यापीठ त्यानंतर तब्बल एकोणचाळीस वर्षांनी, १८५७ मध्ये स्थापन झाले आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली. खानदेशातील महाविद्यालये तर १९४५ च्या सुमारास, अमळनेर व जळगाव येथे सुरू झाली. या अंतराला महत्त्व आहे. इंग्रजी पुस्तक गावोगाव पोहोचण्याच्या कितीतरी आधी इंग्रजी शब्द पोहोचलेले होते आणि ते शिपायाच्या, चपराशाच्या, गार्डाच्या व मिस्त्रीच्या तोंडून पोहोचले. कानाने आलेल्या शब्दाला स्पेलिंग नसते. म्हणून तो बोलीच्या वळणाने फिरतो : स्टेशनचे 'ठेसन', लँटर्नचे 'लालटेन', कॅप्टनचा 'कप्तान', प्लॅटूनची 'पलटण'.

या संदर्भात एक उदाहरण विशेष बोलके आहे. इ. स. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम याने धरणगाव येथे भिल्लांची पलटण उभारली. तिला इंग्रजीत 'भिल्ल कोर' म्हणत. हा 'कोर' फ्रेंचमधून आलेला असून त्याचे मूळ देहवाचक लॅटिन शब्दात आहे. त्याच उच्चाराचा दुसरा इंग्रजी 'कोर' म्हणजे फळाचा गाभा. ही इंग्रजीतील अस्सल समध्वनी जोडी होय. मराठीत आधीपासून तिसरी 'कोर' आहेच, ती चंद्राची आणि भाकरीचीही. ज्यांनी हा शब्द ऐकला त्यांच्यासाठी तो 'कोर'च होता. पुढे ज्यांनी तो पुस्तकात पाहिला त्यांच्यापैकी अनेकांनी तो अक्षरांप्रमाणे 'कॉर्प्स' असा वाचला आणि तो प्रेतवाचक इंग्रजी शब्दाच्या अगदी शेजारी जाऊन बसला. इंग्रजी कानाने शिकलेल्याचा समध्वनी एक, डोळ्याने शिकलेल्याचा दुसरा. दोघांचीही चूक समजण्यासारखी आहे. परंतु परीक्षेत केवळ पहिल्याचीच चूक मोजली जाते, कारण परीक्षा लेखी असते.

दुसरे उदाहरण जिल्ह्याच्या नावाचेच. इ. स. १९०६ मध्ये खानदेशाचे विभाजन होऊन जळगाव हे मुख्यालय असलेला ईस्ट खानदेश आणि धुळे हे मुख्यालय असलेला वेस्ट खानदेश असे दोन जिल्हे झाले. १९६० च्या सुमारास त्यांना अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळेपर्यंत सरकारी शिक्क्यांवर ही इंग्रजी नावे होती. आता 'वेस्ट' हा उच्चार पाहू. पश्चिम दिशा, वाया गेलेले आणि अंगात घालावयाची बंडी हे तिन्ही इंग्रजी शब्द मराठी लेखनात 'वेस्ट' असेच उतरतात. इंग्रजाच्या तोंडी हे तीन स्वतंत्र उच्चार आहेत. महसुली इंग्रजीत तर वाया गेलेल्या अर्थाचा 'वेस्ट' फारच परिचित होता. पडीक जमिनीला तोच शब्द होता आणि १८१८ नंतरच्या आरंभीच्या दशकांत खानदेशातील पडीक जमीन हा इंग्रज अधिकाऱ्यांच्या कागदपत्रांतील नित्याचा विषय होता. इंग्रज कलेक्टरच्या कानात पश्चिम खानदेश आणि पडीक खानदेश यांची कधी गल्लत झाली नसेल. कचेरीतील कारकुनाला मात्र ती केवळ स्पेलिंग घोकूनच टाळावी लागली असणार. 'ईस्ट'चीही तीच गत : पूर्व दिशा आणि पावात घालावयाचे किण्व, इंग्रजीत दोन उच्चार, येथे बहुधा एकच.

'जीन' : एका शब्दाचे पाच प्रवास

उपरोक्त विवेचनाचा खरा कस लागतो तो 'जीन' या शब्दावर. कापूस पिकविणाऱ्या या दोन जिल्ह्यांत या एका उच्चाराखाली किमान पाच शब्द निरनिराळ्या काळी येऊन राहिले.

सर्वांत जुना अर्थ घोड्याच्या पाठीवरील खोगीर. हा शब्द फारसी असून मुळात त्याचा उच्चार 'झीन'च्या जवळ जातो. खानदेशावर चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून फारूकी घराण्याची सत्ता होती, इ. स. १६०१ मध्ये अशीरगड पडून अकबराने ती संपविली आणि पुढे शतकाहून अधिक काळ येथे मोगलांचा अंमल राहिला. दरबारी व लष्करी फारसी शब्द याच ओघात लोकभाषेत मुरले. मराठीत इकारापूर्वीचा 'ज' तालव्य होत असल्याने फारसी 'झ' येथे टिकला नाही आणि 'जीन' असे रूप झाले.

दुसरा अर्थ सरकी काढण्याचे यंत्र व त्यावरून तो कारखाना. याचे मूळ इंग्रजी 'इंजिन' या शब्दात आहे. मध्ययुगीन इंग्रजीत 'इंजिन'चा पहिला अवयव गळून 'जिन' उरले आणि ते निरनिराळ्या यंत्रांना व सापळ्यांना लावले जाऊ लागले. अमेरिकेत एली व्हिटनी याने १७९३ मध्ये करवतीच्या दात्यांचे कापूस-यंत्र तयार केले व १७९४ मध्ये त्याचे पेटंट घेतले. १८४० मध्ये मॅकार्थी याने रुळाचे यंत्र काढले. ते आखूड धाग्याच्या भारतीय कापसाला अधिक मानवले. तोपर्यंत खानदेशात सरकी काढण्याचे काम घरोघरी, लाकडी चरकीवर, प्रामुख्याने स्त्रियांच्या हातून होत असे.

परिस्थिती पालटली ती एकाच दशकात. इ. स. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला व मुंबई इलाख्यातील कापसाचे भाव चढले. त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खानदेशातून पुढे सरकत होती. भुसावळ जंक्शन झाले आणि १८६७ मध्ये नागपूरचा फाटा खुला झाला. जळगाव कापसाची मोठी पेठ बनले. युद्ध संपताच भाव कोसळले, अनेक व्यापारी बुडाले. पण रेल्वे व पेठ राहिली. वाफेवर चालणारे जीन आणि गठाणी दाबण्याचे प्रेस उभे राहिले, १८७० च्या दशकात जळगावी कापडाची गिरणी आली, विसाव्या शतकाच्या आरंभी अमळनेरला प्रताप मिल निघाली. सरकी काढण्याचे काम घरातून उठून जिनात गेले आणि घरची बाई जिनात मजुरीला गेली.

येथे एक भाषिक तपशील नोंदविण्यासारखा आहे. भुसावळच्या लोहमार्गावर धावणारे ते 'इंजिन' आणि जळगावच्या पेठेत कापूस काढणारे ते 'जीन' हे मुळात एकच शब्द आहेत, परंतु ते खानदेशात स्वतंत्र पाहुणे म्हणून आले आणि त्यांचे नाते येथे कोणी ओळखले नाही. पुढे विहिरीवरील पाणी उपसण्याच्या यंत्रालाही 'इंजिन' म्हणू लागले. ज्या शेतकऱ्याच्या विहिरीवर इंजिन होते त्याचाच कापूस जिनात जात होता. शिवाय 'जीन' मराठीत पूर्णपणे रुळला याचा पुरावा त्याच्या रूपातच आहे. मूळ इंग्रजी इकार ह्रस्व असूनही मराठीने तो खीर, मीठ या शब्दांप्रमाणे दीर्घ केला आणि विभक्तिप्रत्यय लागताच पुन्हा ह्रस्व केला : जीन, परंतु 'जिनात'. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी ही पद्धत मान्य केली. पण लोकांच्या जिभेने ती त्याआधीच पाळली होती. शाळेत न गेलेल्या मजुरानेही इंग्रजी शब्द मराठी व्याकरणानुसार चालविला.

तिसरा अर्थ जाड्या कापडाचा. इटलीतील जिनोआ या बंदराच्या फ्रेंच नावावरून इंग्रजीत हे नाव आले. चौथी 'जिन' ही मद्याची. तिचे नाव ज्या फळांनी तिला वास येतो त्या जुनिपरच्या डच नावाचे संक्षिप्त रूप आहे. खानदेशाच्या इतिहासात तिला फारसे स्थान नाही. गावच्या माणसाला मोहाची दारू ठाऊक होती.

पाचवा 'जीन' मात्र पुन्हा कापसाच्याच वाटेने आला. डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहानसेन यांनी १९०९ मध्ये आनुवंशिकतेच्या घटकाला हे नाव दिले. मराठी विज्ञानलेखनाने त्यास 'जनुक' हा चपखल प्रतिशब्द दिला. दीर्घकाळ तो शब्द प्रयोगशाळेत व पाठ्यपुस्तकात होता. मार्च २००२ मध्ये भारत सरकारने बीटी कापसाच्या व्यापारी लागवडीस परवानगी दिली. जमिनीत आढळणाऱ्या एका जिवाणूचे जनुक कापसात घालून बोंडअळीला प्रतिबंध करणारे हे बियाणे काही वर्षांतच खानदेशात सर्वत्र पसरले. अशा रीतीने ज्या कापसाच्या बोंडात 'जीन' घातलेला होता तोच कापूस 'जिना'वर जाऊ लागला. इंग्रजीत हे दोन शब्द समध्वनी नाहीत. एकाचा इकार ह्रस्व, दुसऱ्याचा दीर्घ. इंग्रजीत समध्वनी आहेत ते जनुक व कापड. खानदेशात यंत्र, जनुक, कापड आणि खोगीर या सर्वांचा उच्चार एक.

ही केवळ शाब्दिक मौज नव्हे. बियाण्याच्या पाकिटावरील माहिती, तिच्याबरोबर दिले जाणारे बिगर-बीटी बियाणे कडेने का लावावयाचे याचे कारण, कोणत्या अळीवर कोणते जनुक चालते हा तपशील, हे सर्व ज्या शब्दावर आधारलेले आहे तो शब्द शेतकऱ्याच्या कानाला आधीच दुसऱ्या वस्तूसाठी परिचित होता. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील बीटी कापसाचे अतोनात नुकसान केले. त्यामागे अळीत निर्माण झालेली प्रतिकारशक्ती व इतर अनेक कारणे होती. शब्दाचा दोष काढणे अतिशयोक्तीचे ठरेल. तथापि समजावून सांगण्याचे काम परक्या आणि दुहेरी अर्थाच्या शब्दावर सोपविले गेले होते, एवढे निश्चित. 'जनुक' शब्द पाठ्यपुस्तकात तयार असताना जाहिरात आणि बाजार यांनी तो क्वचितच वापरला.

इतर काही उदाहरणे :

'जीन'इतका विस्तार सर्वच शब्दांना नाही. 'बोट' म्हणजे हाताचे आणि पाण्यातले. 'कोट' म्हणजे किल्ल्याचा आणि अंगातला. 'लाट' म्हणजे पाण्याची, घाण्याची आणि बंगल्यातील लाटसाहेबाची. 'पास' हा शब्द शेतकऱ्याच्या मुलासाठी प्रथम वखराची पास, मग रेल्वेचा पास आणि शेवटी, नशीब असल्यास, परीक्षेतला पास. 'बोर' हे झाडाचे फळ. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात ते जमिनीला पाडलेले छिद्र आहे आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या भाषेत कंटाळवाणा तास. या शब्दांनी व्यवहारात अडचण निर्माण केलेली नाही, कारण संदर्भ अर्थ निश्चित करतो. मराठी अलंकारशास्त्रात याच गुणाला श्लेष म्हणतात व त्यास शोभा मानतात. बोलीत तिला 'कोटी' म्हणतात आणि तो शब्दही संख्येशी समध्वनी आहे.

'चेक'चा प्रकार मात्र उलटा आहे. बँकेचा चेक, चौकड्यांच्या कापडाचा चेक आणि तिकीट चेक करणे यांपैकी पहिल्याचे स्पेलिंग ब्रिटिश इंग्रजीत वेगळे असले तरी तिन्हींचे मूळ एकच, बुद्धिबळातील राजाला दिलेला शह. हा 'शह' फारसी 'शाह'वरून मराठीत थेट आला आणि तोच शब्द युरोपला वळसा घालून इंग्रजांबरोबर 'चेक' होऊन पुन्हा आला. स्पेलिंग वेगळे म्हणजे शब्द वेगळा, हा शाळेतील नियम येथे निरुपयोगी ठरतो.

इतिहासाच्या साधनांतील अडचण :

समध्वनींचा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला निराळ्या प्रकारे भेडसावतो. वि. का. राजवाडे यांनी शब्दांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी महाराष्ट्राला दिली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले आणि १९२७ मध्ये तेथेच त्यांच्या नावे संशोधन मंडळ स्थापन झाले. मोडी कागद वाचणाऱ्याने अक्षर लावले म्हणजे काम संपत नाही, ही त्यांच्या कार्यातून मिळणारी शिकवण येथे लागू पडते. समजा, एकोणिसाव्या शतकातील एखाद्या खर्चाच्या वहीत 'जीन दुरुस्ती'ची रक्कम लिहिलेली आहे. कागद १८३० चा असेल तर ते खोगीर होय. कागद १८७५ चा असेल आणि वही पेठेतील व्यापाऱ्याची असेल तर ते यंत्र असण्याचा संभव अधिक. इनामदाराची असेल तर पुन्हा खोगीर. मागच्या-पुढच्या ओळीत चामडे, खिळे, नालबंद आहे की कोळसा, तेल, पट्टा आहे, हे पाहूनच अर्थ ठरवावा लागतो. स्पेलिंग असते तर ही शंका राहिली नसती. इंग्रजीच्या ज्या स्पेलिंगांना आपण नावे ठेवतो त्यांचा हा उपयोग मान्य करणे भाग आहे.

वर्गातील प्रश्नही याहून फार निराळा नाही. खानदेशातील शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांच्या कानाची यादी एकदा तयार केली तर तीत 'सॉस-सोर्स' नसेल. 'वेस्ट', 'टेस्ट', 'पेपर', 'जीन' असतील. पाठ्यपुस्तक मंडळाच्या एका छापील पानाएवढेच हे काम आहे.

ब्रिजेसने म्हटल्याप्रमाणे समध्वनी शब्द काही वेळा एकमेकांना हुसकावून लावतात. मराठीने अधिक सामोपचाराचा मार्ग काढलेला दिसतो. कापडाला बहुवचनी शेपूट लागून ते 'जीन्स' झाले. कारखान्याला आता बहुतेक ठिकाणी 'जिनिंग' म्हणतात. आनुवंशिक घटक शाळेत तरी 'जनुक' आहे. मद्याने आपला ह्रस्व इकार जपला. घोडाच व्यवहारातून गेल्यामुळे खोगिराच्या अर्थाचा 'जीन' विरळ झाला. तो 'जिनगर' या नावात तेवढा ठळकपणे उरला आहे. 'जीन' म्हणजे कापसाचा कारखाना एवढेच ज्यांनी ऐकले त्यांना हे नाव कापसाच्या धंद्यातून आले असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. जिनगरांच्या पूर्वजांनी मात्र सरकी काढली नव्हती. ते घोड्याचे खोगीर शिवत होते.